बरडावरची तार

खोली देण्याआधी त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, मी काय खाते तेही विचारलं नाही. त्या आठवड्यात गांधीबागेच्या आसपास माझी पाच घरं पाहून झाली होती आणि पाचही ठिकाणी पहिले दोन प्रश्न तेच. एका बाईंनी तर "कुहीकडची? म्हणजे खेड्यातलीच नं?" असं म्हणत माझ्या चपलांकडे पाहिलं. सहाव्या घराचं दार एका उंच, वाळक्या माणसानं उघडलं. अंगात बनियन, कानावर पेन्सिल. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "मोबाइलचा चार्जर आहे?"

मला वाटलं, यांचा बिघडला असेल. मी काढून दिला. त्यांनी तो सॉकेटात लावला आणि एक रेडिओ त्याच्याजवळ नेला. तापल्या तेलात ओली मिरची पडावी तसा रेडिओ तडतडला.

"हा नाही चालणार," ते म्हणाले. "माझा जुना देतो, तो गप राहते. खोली वरची आहे. दिवस मावळताना एक तास मिक्सर नाही, इस्त्री नाही, एलईडीचा बल्ब नाही. बाकी तुला काय करायचं ते कर."

आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, भेटली भाडेकरू! चार्जर बदलायला तयार आहे!"

मी जिना चढून वर गेले, दार लावलं आणि खाटेवर बसून आधी हसले, मग थोडी रडलेही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. हे सांगताना मला लाजही वाटत नाही आणि उगाच मानही ताठ करावीशी वाटत नाही. बी.एस्सी. झाले होते, पुढचं शिकायचं होतं, आणि तीन वर्षं त्या घरात राहून मी शिकले.

त्यांना मी काका म्हणत असे. एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. घराणं जुनं, भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं, पण त्याबद्दल ते चुकूनही बोलत नसत. त्यांच्या बैठकीत त्यांनीच काढलेला जगाचा एक नकाशा होता. तो गोल होता आणि बरोब्बर मधोमध नागपूर. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले.

"हसून काय राहिली?" ते म्हणाले. "झिरो माइलचा दगड इथं काय उगाच आहे? इथून कोणतं गाव कोणत्या दिशेला, ते या नकाशातच खरं दिसते. बाकीचे नकाशे शाळेसाठी."

त्या नकाशावर टाचण्या होत्या. एक टाचणी म्हणजे एक रेडिओ स्टेशन. इंटरनेटवरचं नाही, उपग्रहावरचं नाही. मीडियम वेव्हवर, साध्या रेडिओवर, तार लावून पकडलेलं. दिवसा या लहरी जवळच्या जवळ राहतात. दिवस मावळला की आभाळावर आपटून हजारो मैलांवर जातात. "संध्याकाळी पूर्व, पहाटे पश्चिम," असं त्यांचं वेळापत्रक होतं, कारण अंधार आधी पूर्वेला पडतो. ऐकलं की ते त्या स्टेशनला पत्र लिहीत: अमुक दिवशी, अमुक वेळेला तुमचं हे हे ऐकलं, बरोबर आहे का? बरोबर असलं तर तिकडून कार्ड येई. ती कार्डं चपलेच्या खोक्यांत, दिशेवार लावलेली. मात्र स्टेशनचं नाव त्यांच्या निवेदकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय काका पत्र लिहीत नसत. सूर ओळखीचे असोत, काट्यावरचा आकडा जुळो, तरी नाही. "अंदाजानं लिहायचं म्हणजे खोटी साक्ष," ते म्हणायचे.

त्यांचा सगळा जीव तारेत. मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात ते मला एकदा घेऊन गेले. खिशात लोहचुंबक. प्रत्येक बंडलाला ते लावून पाहत, कारण वरून तांबं आणि आतून लोखंड असली तार विकणारे पुष्कळ. मग एक टोक हातात घेऊन वाकवायचं, सरळ करायचं, नखानं खरवडायचं. दुकानदार कंटाळून चहा प्यायला गेला तरी यांचं संपेना. घरी आल्यावर काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा दोन मिनिटांत उठले होते."

गच्चीवर दोन तारा असत, एक कपड्यांची आणि एक ऐकायची, आणि भांडणं दोन्हींवरून. काकूंनी ऐकायच्या तारेवर ओली चादर टाकली की खालून काका ओरडत, "अगं, गेलं, गेलं!" काकू वरून विचारत, "कोण गेलं?"

गच्ची मात्र त्यांना पुरत नव्हती. आजूबाजूला दुकानांचे बल्ब, इन्व्हर्टर, लिफ्ट. रेडिओ लावला की सगळ्या वस्तीची खरखर आधी ऐकू येई. तार आणखी उंच का नाही नेत, असं मी विचारलं. "उंच तार साऱ्या मोहल्ल्याचं ऐकते," ते म्हणाले. "जमिनीजवळून लांब नेलेली तार फक्त समोरचं ऐकते. जिकडे तोंड, तिकडचंच. पण लांब म्हणजे लांब. दोनशे, अडीचशे मीटर. सरळ. वळण नाही."

काकू तांदूळ निवडत होत्या. "म्हणजे तुम्हीच," त्या म्हणाल्या. "शेजारचं ऐकूच येत नाही."

हे अगदी खरं होतं. कानात इअरफोन असला काय, नसला काय, जवळच्या माणसाच्या बोलण्याला ते "हो", "उद्या पाहू" अशी उत्तरं देत. एकदा काकूंनी सांगितलं, दूधवाल्याच्या घरी मुलगी झाली. तर म्हणाले, "उद्या पाहू."

आणखी एक खोड सांगायची राहिली. स्टेशन फार बारीक येत असलं की ते तारेचं उघडं टोक मुठीत धरून रेडिओला टेकवत. हाताच्या दाबानं आवाज कमी-जास्त होई. एकदा नेमकी जागा सापडली की मग हलायचं नाही. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं, मूठ आवळलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळलेच. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकंही बाहेर काढलं नाही. "मेले नाहीत वं," त्या म्हणाल्या. "ऐकून राहिले."

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. नकाशावर पूर्वेला, समुद्रापलीकडे, एका छोट्या स्टेशनची जागा कित्येक वर्षांपासून रिकामी होती. गाणी ऐकू यायची, बोलणं ऐकू यायचं, पण नाव सांगायच्या क्षणी दर वेळी खरखर. आणि एक दिवस कळलं की ते स्टेशन मीडियम वेव्हवरून कायमचं बंद होणार. महिनाअखेर शेवटचं प्रक्षेपण. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गावाहून आले, नेहमीच्या तक्रारी करत होते, की लाइन नसते, अंधारात स्वयंपाक करावा लागतो.

"लाइन कधी जाते तुमच्या गावी?" इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहत होते.

"दिवस मावळला की. साडेसहा ते आठ."

"रोज?"

"रोज."

"साऱ्या गावाची?" कोणी काश्मीरचं वर्णन ऐकावं तसे ते ऐकत होते. "पोरी, तुमच्या शेतात अडीचशे मीटर सरळ जागा आहे का?"

जागा होती. अडचण बाबांची होती.

आमच्याकडे शेतात तार ओढली की तिचा एकच अर्थ. रानडुकरं पीक लोळवून टाकतात, म्हणून काही लोक शेताभोवती उघडी तार ओढतात आणि रात्री तिच्यात करंट सोडतात. गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी सोडतात. शेजारच्या गावात पहाटे शेतावर निघालेला एक माणूस असाच गेला आणि शेतमालक तुरुंगात. लहानपणापासून आम्हाला एकच शिकवण, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या तारेला हात लावायचा नाही, कोणाची का असेना. बाबांनी आयुष्यात अशी तार ओढली नाही. "डुकरं खाईन त खाऊ दे," ते म्हणत. "माणूस गेला त कोन वापस आननार हाय?"

मी त्यांना म्हटलं, "बाबा, या तारेत काही जात नाही. तारेतून येते."

"काय येते?"

"आवाज."

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पोरीला कॉलेजात घातलं ते बरं केलं की वाईट, ते ठरवत असावेत. मग म्हणाले, "तू म्हनते म्हून. तुह्या शब्दावर. काही झालं त लोकं मले धरतीन, हे ध्यानात ठेव."

महिना संपायला दोन दिवस असताना काका-काकू आले. बसनं कुही, पुढे ऑटो. काकूंच्या मांडीवर डबा, काकांच्या मांडीवर तारेचं बंडल. बाबांनी पाहुण्याला आधी आपली सगळ्यांत चांगली बांधी, भाताचं खाचर, दाखवली. नुकतंच धान निघालेलं, काळीभोर माती. काकांनी मूठभर माती उचलली, दाबली, चेहरा पाडला.

"फार चांगली आहे. वाईट नाही का?"

बाबांना कळेना, रागवावं की हसावं. "वाईट कायले पायजे जी?"

"या तारेला वाईटच लागते. मुरूम, दगड, कोरडी. चांगली जमीन सारं पिऊन टाकते."

शेताच्या शेवटी आमचं बरड आहे. मुरमाड पट्टा, बाभळीशिवाय तिथं काही उगवत नाही. आजोबांच्या काळापासून त्याला सगळे शिव्या देत आले. काका त्यावर चढले, बूट आपटून पाहिले आणि असे खूश झाले की बाबाही खूश झाले. होकायंत्र ठेवून काकांनी चुन्याची रेघ मारली. छातीइतक्या उंचीच्या बांबूच्या काठ्या रोवल्या, काठीच्या टोकाला सलाइनच्या नळीचा तुकडा, त्यातून तार. दोन्ही टोकांना अर्थिंगच्या सळया ठोकल्या. बाबा काठ्या धरत होते, पण तार पुढे आली की हात मागे घेत होते. तार अजून कशालाही जोडलेली नव्हती, तरी.

बरडाच्या पलीकडे आमच्या शेजारी शेतकऱ्याचा हरभरा. त्यांना मी मामा म्हणते. ते धुऱ्यावर येऊन उभे राहिले. "तार टाकलीच हाय त करंट बी सोडा नं जी," ते काकांना म्हणाले. "माह्या हरभऱ्याले बी आड होईन."

काका होकायंत्रात पाहत होते. "उद्या पाहू," ते म्हणाले.

ते मी ऐकलं, आणि ही काकांची सवय म्हणून सोडून दिलं. चूक माझीच. मामांना काकांची सवय ठाऊक नव्हती. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं होतं की नागपूरचा साहेब उद्या बरडावरच्या तारेत करंट सोडणार.

पहिल्या संध्याकाळी सगळं छान ऐकू आलं. खरखर नाहीच. पण रेडिओजवळचा चिमटा सैल झाला आणि नाव सांगायच्या वेळी आवाज गेला. उरली एकच संध्याकाळ, शेवटची.

त्या संध्याकाळी काका पाच वाजताच बरडावर जाऊन बसले. सहाच्या ठोक्याला नाव सांगतील, तेव्हा हुकलं तर सातला, मग काही नाही. मी चहा आणायला घरी आले. काकू आईशी बोलत चुलीपाशी बसल्या होत्या. किटलीत चहा ओतते तोच मामी धावत अंगणात आल्या.

"तुह्या घरमालकाले करंट लागला वं! तारेले चिपकला!"

किटली कुठं ठेवली ते आठवत नाही. पळताना डोक्यात काय होतं ते मात्र आठवतं. तारेत करंट नाही हे मला माहीत होतं. पण मामांच्या मोटारपंपाची लाइन तिथून दहा पावलांवर होती, आणि लाइन जायला अजून अर्धा तास होता. मामांनी त्या लाइनीवरून आमच्या तारेला आकडा टाकला असेल तर? काका गेले असतील तर? आणि मग मला पोलिसांची गाडी दिसली, बाबा दिसले, आणि "तुह्या शब्दावर" हे ऐकू आलं. मी काकांसाठी पळत होते की बाबांसाठी, ते आजही सांगता येणार नाही.

बरडावर पंधरावीस माणसं गोल करून उभी होती, चार हात लांब. मध्ये काका पोत्यावर पालथे पडलेले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात ताठ पुढे, आणि मुठीत तार. रेडिओ छातीखाली गेलेला, दिसत नव्हता. कोणी हात लावत नव्हतं. कोणी तरी "मोटारीचा फ्यूज काढा रे" म्हणून ओरडत होतं. मी पुढे झाले तर मामांनी माझा दंड धरला. "जाऊ नको, तू बी चिपकशीन!"

"तुम्ही आकडा टाकला काय, मामा?"

"म्या कायले टाकू? त्यायनंच सोडला नं करंट!"

तेवढ्यात बाबा वाळका बांबू घेऊन आले. चिकटलेल्या माणसाला कोरड्या लाकडानं सोडवायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी ओरडले, "बाबा, थांबा!" पण त्यांनी दोन्ही हातांनी बांबू उचलला आणि काकांच्या मुठीवर हाणला.

मेलेला माणूस उठून बसला.

"कोण आहे रे!" काका गरजले. "दोन मिनिटं दम निघत नाही? नाव सांगून राहिली होती ती!"

माणसं दोन पावलं मागे सरकली. मागून काकू धापा टाकत आल्या. गर्दीमुळे त्यांना काही दिसत नव्हतं. "मेले नाहीत नं?" त्या म्हणत होत्या. "ऐकत असतीन. मी सांगते नं, ऐकत असतीन." मग त्यांना काका दिसले आणि त्या आहे तिथंच मुरमावर बसल्या. पदर तोंडावर घेऊन हुंदके देत त्या हसत होत्या.

बाबाही बसले. बांबू हातात तसाच. "करंट नाई?" त्यांनी विचारलं.

काकांना काहीच समजलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, सगळं, एका दमात. डुकरं, शेजारच्या गावचा माणूस, तुरुंग, आणि कालचं त्यांचं "उद्या पाहू". त्यांनी मध्ये एकदाही दुसरीकडे पाहिलं नाही. मग ते बाबांसमोर उकिडवे बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही मला वाचवायला आले. मी उगाच खेकसलो."

त्यांनी सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी तार धरली. "पहा. तार थंडी आहे, करंट नाही." मामांनी बोट लावून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं, मग पुन्हा लावलं. बाबांचा हात मात्र पुढे होईना. साठ वर्षांचा हात तो.

"एक अडचण आहे," काका म्हणाले. त्यांची मूठ सुजून टम्म झाली होती, बोटं मिटत नव्हती. "सातला पुन्हा नाव सांगतीन. शेवटचं. चिमटा सैल आहे, तार हातानंच धरावी लागते. अन् माझा हात तर तुम्ही कामातून घालवला."

कोणी तरी हसलं. बाबांनी बांबू खाली ठेवला, तळहात धोतराला पुसला, आणि तार धरली.

साडेसहाला लाइन गेली. त्या दिवशी गावात कोणी शिवी दिली नाही. बाबा पोत्यावर मांडी घालून बसले, मुठीत तार, डोळे मिटलेले, हुबेहूब काकांसारखे. काका डाव्या हातानं त्यांचं मनगट थोडं इकडे, थोडं तिकडे करत होते. एक इअरफोन स्वतःच्या कानात, एक बाबांच्या. बाकीचे अंधारात बसून राहिले. बिडीसुद्धा कोणी पेटवली नाही, त्यानंही बिघडेल की काय म्हणून.

"कोनी बाई हाय," बाबा हळूच म्हणाले. "गानं झालं. आता बोलून राहिली."

"हलू नका," काका म्हणाले.

आणि त्या बाईनं नाव सांगितलं. काकांना डाव्या हातानं लिहिता येत नव्हतं. त्यांनी कानात ऐकलेलं मला सांगितलं आणि मी कंदिलाच्या उजेडात ते वहीत उतरवलं, वेळेसकट. मग एक धून वाजली आणि त्यानंतर फक्त आभाळाची खरखर उरली. काकांनी इअरफोन काढला. "झालं," ते म्हणाले. बाबांनी विचारलं, "सोडू?"

उन्हाळा लागता लागता कार्ड आलं. काकांनी ते खोक्यात ठेवलं नाही. मला म्हणाले, "बाबांना दे. तार त्यांनी धरली होती." पत्रातही त्यांनी तसंच लिहिलं होतं, आणि तिकडच्यांनी कार्डावर दोघांची नावं घातली होती. बाबांना इंग्रजी येत नाही. मी वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या नावाखाली बोट धरून ते दोनदा वाचून घेतलं आणि कार्ड सातबाऱ्याच्या पेटीत ठेवलं.

आता मी कामठीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. काका-काकू लेकीकडे राहतात, दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. तिथं तार लावू देत नाहीत. दिवस मावळताना कधी काकांचा फोन येतो, "पोरी, तार आहे का अजून?"

आहे. बाबांनी ती काढू दिली नाही. मामांनी तिला रिकामे डबे बांधलेत, डुकराचा धक्का लागला की खडखडतात. हरभरा बराचसा वाचतो. मामा म्हणतात, हे आधीच सुचायला पाहिजे होतं. बाबा म्हणतात, एवढ्या वर्षांत ह्या बरडानं काही पिकवलं त हेच.

संध्याकाळी शेतातून परतताना बाबा बरडावर थांबतात आणि तारेवर तळहात ठेवतात. मागच्या सुट्टीत मी सोबत होते. विचारलं, "काहून बाबा?"

"पाहून राहिलो," ते म्हणाले. "थंडीच हाय."